नवं ऑफिस ‘क्रिएटिव्ह’ दिसायला हवं आणि तिथे कामही सुचायला हवं: खर्च नेमका कुठे करावा?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी,

६० जणांच्या डिझाइन आणि सॉफ्टवेअर कंपनीसाठी नवी जागा घेतली आहे. कार्पेट एरिया ५५०० चौरस फूट, सगळं एकाच मजल्यावर. दोन्ही लांब बाजूंना खिडक्या आहेत, स्लॅब ३.४ मीटरवर आहे आणि आत सध्या नुसता सांगाडा आहे.

संचालकांच्या अपेक्षा तीन. क्लायंट आत आला की त्याच्यावर छाप पडावी, मुलाखतीला आलेल्याला इथे काम करावंसं वाटावं आणि माणसांना नवीन कल्पना सुचाव्यात. पहिला लेआउट आला आहे त्यात ६०० चौरस फुटांचं रिसेप्शन, खिडक्यांना लागून पाच काचेच्या कॅबिन, मधे एकही पार्टिशन नसलेला हॉल आणि त्यात ६० टेबलं, एका बाजूला बीन बॅग आणि झोपाळा, लोगोच्या नारिंगी रंगाची लांब भिंत आणि तिच्यावर वाक्यं असं सगळं आहे. फॉल्स सिलिंग नाही, डक्ट उघडे.

चित्रात सुंदर दिसतंय. पण यातलं कामाच्या दर्जाला खरोखर काय उपयोगी पडतं, कंपनीच्या प्रतिमेला काय आणि निव्वळ फोटोसाठी काय, हे वेगळं करायचं आहे. मोजमापासकट सांगितलंत तर आर्किटेक्टशी नीट बोलता येईल.

---

कोनमापक

लेआउटबद्दल लिहितो. आवाज आणि उजेड यातली जाणकार मंडळी इथे आहेत, ते त्यांच्यावर सोडतो.

‘माणसांची अचानक गाठ पडावी म्हणून मोकळा हॉल’ हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. ती कल्पना मोठ्या इमारतींची आहे. ॲनिमेशन कंपनी पिक्सारची कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलची इमारत २००० साली झाली, तिथे स्टीव्ह जॉब्सनी मधोमध मोठा चौक ठेवायला लावला, कारण शेकडो माणसं वेगवेगळ्या भागांत बसणार होती. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांमधलं बोलणं मोजलं. दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरपुढे जवळजवळ उरतच नाही, असं त्यात दिसलं. तुमचा मजला ५११ चौरस मीटरचा. १६ × ३२ धरला तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ३६ मीटर. म्हणजे गाठ पडण्याची अडचण तुम्हाला नाहीच. तुमच्याकडे कमी पडणार आहे ती निवांत जागा.

पार्टिशन काढली की माणसं जास्त बोलतात, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. बर्नस्टीन आणि टर्बन यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत माणसांच्या अंगावर सेन्सर देऊन मोजमाप केलं होतं. पूर्ण उघड्या हॉलमध्ये गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, मेसेज वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर असलेला माणूस हेडफोन घालतो आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतो.

उलट टोकालाही जाऊ नका. आज ज्या चौकोनी खुराड्यांना सगळे नावं ठेवतात ती डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या ‘ॲक्शन ऑफिस’मधून आली. १९६८ च्या त्या रचनेत पॅनेल १२० अंशांच्या कोनात जोडून प्रत्येकाला ऐसपैस, बदलता येईल अशी जागा द्यायची होती. कंपन्यांनी तेच पॅनेल ९० अंशांत बसवले, कारण त्यात जास्त टेबलं मावतात. कल्पना चौरस फुटांच्या हिशोबात बिघडली. तुमच्याकडे तो हिशोब आधीच मांडून ठेवा (आकडे चौरस फुटांत):

बसण्याच्या ६० जागा, खुर्ची आणि टेबलांमधल्या वाटेसह माणशी ४० = २४००
१२ जणांची एक मीटिंग रूम = २८०
६ जणांच्या दोन = प्रत्येकी १४०
फोनसाठी चार छोट्या खोल्या, १.२ × १.५ मीटर = मिळून ८०
शांत खोली, १० टेबलं = ३५०
प्रोजेक्ट रूम = २४०
पँट्री = ३५०
रिसेप्शन = ३००
सर्व्हर आणि स्टोअर = १६०

ही बेरीज ४४४० होते. उरलेले १०६० मुख्य वाटा, भिंतींची जाडी आणि खांब खातात. म्हणजे रिसेप्शन ६०० केलंत तर शांत खोली जवळपास पूर्ण जाते. संचालकांसमोर हा सौदा याच शब्दांत ठेवा. ‘रिसेप्शन लहान करूया’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही, ‘ही खोली हवी की ते ३०० फूट’ असं विचारलं की चर्चा होते.

खिडकीच्या कॅबिन आत, कोअरच्या (लिफ्ट-जिन्याच्या भागाच्या) बाजूला घ्या. दिवसाचा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत पोचतो. खिडकीची वरची कड २.४ मीटरवर असेल तर पहिले पाच मीटर ही मजल्यावरची सगळ्यात चांगली जागा, आणि ती दिवसातला अर्धा वेळ रिकाम्या असणाऱ्या पाच खोल्यांना दिली जाते आहे.

टेबल १४०० × ७०० मिमी पुरतं, दोन मॉनिटर वापरणाऱ्यांना १६०० द्या. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या दोन रांगांत टेबलाच्या कडेपासून कडेपर्यंत किमान १८०० मिमी, मधून येजा होणार असेल तर २१००. मुख्य वाट १५००. कोणाचीही पाठ मुख्य वाटेकडे येऊ देऊ नका. मागून सतत कोणीतरी जातंय हे मेंदू सोडून देत नाही, आणि अर्धवट रेखाटलेली कल्पना जाणारा-येणारा पाहतोय म्हटल्यावर माणूस कच्चं काम स्क्रीनवर ठेवायचंच टाळतो. कल्पक कामाला हे सगळ्यात मारक आहे.

प्रोजेक्ट रूमवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. मीटिंग रूमपेक्षा ती वेगळी, कारण तिथलं काम संध्याकाळी पुसलं जात नाही. भिंतींना १२ मिमी प्लाय आणि त्यावर सॉफ्ट बोर्ड, एका भिंतीवर पूर्ण लांबीचा व्हाइटबोर्ड, चाकांची टेबलं, दारावर ‘साफसफाई विचारून’ अशी पाटी. बुकिंग तासावर न ठेवता आठवड्यावर ठेवा. एमआयटीची बिल्डिंग २० ही १९४३ मध्ये युद्धकाळात तात्पुरती म्हणून उभारलेली लाकडी इमारत १९९८ पर्यंत वापरात राहिली. रडारपासून भाषाशास्त्रापर्यंत कितीतरी काम तिथून बाहेर आलं. दिसायला ती सुमारच होती, पण भिंत पाडायला, छतातून वायर न्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. निदान एका खोलीत तरी तेवढी मोकळीक ठेवा.

---

शांतकोपरा

कोनमापक यांच्याशी सहमत. आता आवाज, कारण उघड्या हॉलमधल्या बहुतेक तक्रारी शेवटी इथेच येतात.

नुसत्या आवाजापेक्षा दुसऱ्याचं *समजणारं* बोलणं जास्त त्रास देतं. वाक्य कळलं की लक्ष तिकडे जातंच, इच्छा असो वा नसो. त्यामुळे मोजायचं ते हे: बोलणाऱ्यापासून किती मीटरवर शब्द कळेनासे होतात. आयएसओ ३३८२-३ या मानकात त्याला विचलन-अंतर म्हणतात. चांगल्या हॉलमध्ये ते ५ मीटरपर्यंत असतं, वाईट हॉलमध्ये १० मीटरच्या वर जातं. १० मीटरच्या वर म्हणजे एका फोनमुळे वीसेक जणांचं लक्ष उडतं.

ते कमी करायला तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही एकत्र लागतात: शोषण, अडथळा, झाकण.

शोषण छतातून मिळतं. सपाट जिप्समचं फॉल्स सिलिंग जवळजवळ सगळा आवाज परत पाठवतं. साध्या मिनरल फायबर टाइलचं एनआरसी (किती आवाज शोषला जातो त्याचा आकडा, ० ते १) ०.५ ते ०.६ असतं, ग्लासवूलच्या टाइलचं ०.९ च्या आसपास. बीओक्यूमध्ये (ठेकेदाराला द्यायच्या कामांच्या आणि मालाच्या यादीत) ‘अकूस्टिक टाइल’ एवढंच लिहिलं तर स्वस्तातली पहिली येते, म्हणून एनआरसी किमान ०.८५ हा आकडा लिहून टाका. कार्पेट टाइलवर फार भिस्त ठेवू नका. पावलांचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज ती छान मारते, बोलण्याच्या आवाजाला तिचा उपयोग बेताचा.

अडथळा म्हणजे टेबलांमधले पॅनेल. बसलेल्या माणसाचं तोंड आणि कान जमिनीपासून साधारण १२०० मिमीवर असतात. १२०० चं पॅनेल लावलं तर नजर अर्धीमुर्धी अडते, आवाज मात्र सरळ वरून जातो. टीमच्या आत काहीच लावू नका किंवा फार तर १०५० ठेवा. दोन टीमच्या मधे १४०० ते १५०० लावा, कापड चढवलेलं. काचेचं नको, काच आवाज परतवते. सहा ते आठ जणांचा गट मोकळा आणि गटागटांत अडथळा, हे कल्पक कामाला बरं जमतं.

झाकण म्हणजे साउंड मास्किंग. छतातल्या स्पीकरमधून ४० ते ४४ डेसिबलचा एकसारखा, पंख्याच्या हवेसारखा आवाज. लोकांना हे उलटं वाटतं, पण एसी अगदी शांत असला की दूरचं कुजबुजणंही कळतं. बसवल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण पातळीला नेऊ नका, तक्रारी येतात आणि यंत्रणा कायमची बंद होते. ३६ च्या आसपास सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. ४५ च्या वर गेलात तर लोक आवाज चढवून बोलतात आणि सगळं मुसळ केरात.

खोल्यांबद्दल. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. दहा ठिकाणांपैकी नऊ ठिकाणी पार्टिशन फॉल्स सिलिंगपाशी थांबलेलं असतं आणि बोलणं वरच्या पोकळीतून शेजारच्या खोलीत उतरतं. पार्टिशन *स्लॅबपर्यंत* न्या. ७५ मिमी स्टडच्या (पार्टिशनच्या आतल्या उभ्या सांगाड्याच्या) दोन्ही बाजूंना १२.५ मिमी जिप्समचे दोन-दोन थर आणि आत ५० मिमी रॉकवूल असलं की एसटीसी (भिंत किती आवाज अडवते त्याचा आकडा) ५० च्या जवळपास मिळतं. त्या भिंतीत १२ मिमीची एकेरी काच बसवली की तेवढ्या भागाचं ३६ होतं, म्हणून काच वाटेच्या बाजूला ठेवा, दोन खोल्यांच्या मधे कधीच नको. दाराखालची १० मिमीची फट सगळी मेहनत घालवते. दार बंद होताना खाली उतरणारं ड्रॉप सील लावा आणि चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच जागी बसवले तर तिथूनही बोलणं जातं, ६०० मिमीचं अंतर ठेवा. आणि एकच डक्ट दोन खोल्यांत उघडत असेल तर त्याला आतून अस्तर किंवा एक वळण द्यायला सांगा.

---

तिसरा_मजला

दोघांचेही मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोन अडचणी. उघड्या डक्टचं छत संचालकांना सोडायचं नाही, त्यांच्या मते उंच छताखाली विचार मोकळे होतात आणि दिसतंही ‘स्टुडिओ’सारखं. कॅफेतल्या गोंगाटात कल्पना जास्त सुचतात असा अभ्यास आहे, मग एवढी शांतता कशाला, हेही त्यांचं म्हणणं. दुसरी अडचण अशी की काही जण दोन-तीन दिवस घरून काम करतात, तर ६० ऐवजी ४५ टेबलं ठेवून कोणाची जागा ठरवायचीच नाही असा विचार चालू आहे.

---

शांतकोपरा

दोन्ही अभ्यास खरे आहेत, त्यांचा अर्थ मात्र ताणला जातो.

छताचा अभ्यास मेयर्स-लेव्ही आणि झू यांचा, २००७ चा. ८ फूट आणि १० फूट छताच्या खोल्यांची तुलना होती. उंच छताखाली माणसं गोष्टींमधले संबंध जास्त पाहतात, बुटक्या छताखाली तपशिलात शिरतात. पण तो परिणाम छताच्या उंचीकडे लक्ष गेलं तरच दिसला. रोज त्याच टेबलावर बसणाऱ्याचं लक्ष किती दिवस वर जाईल? त्यातून घेण्यासारखं एवढंच, की सगळ्या जागा सारख्या उंचीच्या ठेवू नका. बारकाईच्या कामाची शांत खोली २.४ मीटरला उतरवा, प्रोजेक्ट रूम आणि पँट्री उंच राहू द्या.

कॅफेचा अभ्यास २०१२ चा, मेहता, झू आणि चीमा यांचा. ५०, ७० आणि ८५ डेसिबल अशा तीन पातळ्या होत्या आणि कल्पक कामात ७० ची सरशी झाली. पण तो आवाज मिश्र गलक्याचा होता: गर्दी, रहदारी, लांबवर चाललेलं बांधकाम. शेजारचा सहकारी क्लायंटशी रकमेवरून घासाघीस करतोय, असं त्यात नव्हतं. शिवाय ती छोटी कामं होती, आठ तासांचा दिवस नव्हता. ज्याला गलका हवा त्याला पँट्रीत बसून काम करायची मुभा द्या, तिथे कामाच्या टेबलाएवढ्या उंचीची दोन-तीन टेबलं आणि प्लग ठेवा. तेवढ्याने भागतं.

आता उघडं छत. हॉल ३०० चौरस मीटरचा धरू. आवाज घुमण्याचा काळ ०.५५ सेकंदाच्या आसपास हवा. सबाइनच्या सूत्राने, ०.१६१ गुणिले घनफळ भागिले काळ:

२.७ मीटरवर फॉल्स सिलिंग: ८१० घनमीटर, लागणारं शोषण सुमारे २३७ चौरस मीटर.
३.४ मीटरचा उघडा स्लॅब: १०२० घनमीटर, लागणारं शोषण सुमारे २९९.

म्हणजे शोषणाची गरज पावपट वाढली आणि शोषणारं छतच काढून टाकलं. कार्पेट, माणसं, खुर्च्या मिळून ८० च्या आसपास देतील. उरलेल्या २२० साठी १२०० × ३०० मिमीचे, ५० मिमी जाडीचे साडेतीनशेच्या आसपास बॅफल (आवाज शोषणारे उभे फलक) टांगावे लागतात. ते अगदी होतं, दिसतंही चांगलं. पण ते बीओक्यूत पहिल्या दिवसापासून असायला हवं. एरवी घडतं ते असं: उघडं छत ‘स्वस्त’ म्हणून मंजूर होतं, बॅफल ‘नंतर बघू’ म्हणून वगळले जातात, आणि सहा महिन्यांनी दिवे, स्प्रिंकलर, केबल ट्रे यांच्यातून वाट काढत अर्धेमुर्धे बसवले जातात. दुसरा मार्ग म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूला काळ्या टिश्यूचं ५० मिमी ग्लासवूल थेट लावायचं आणि सगळं छत काळं ठेवायचं. डक्ट उघडे दिसतात, ‘स्टुडिओ’ही दिसतो, आणि बॅफल निम्म्याहून कमी लागतात.

---

कोनमापक

टेबलांबद्दल. ४५ हा आकडा सरासरीवरून काढला असेल तर चुकेल. दोन ते तीन आठवडे रोज दर तासाला एक फेरी मारून प्रत्येक जागेसमोर तीनपैकी एक खूण करायची: माणूस आहे, सामान आहे पण माणूस नाही, रिकामी. सगळ्यात गर्दीच्या तासाचा आकडा घ्या आणि त्यावर दहा टक्के चढवा. सगळी टीम एकाच दिवशी यायचं ठरवते, त्यामुळे कमाल आकडा सरासरीपेक्षा बराच वर असतो.

आणि जागा न ठरवण्याचा सर्वात गाजलेला प्रयोग एका जाहिरात कंपनीचाच आहे. शायट/डे ने १९९३-९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या, फ्रँक गेरींनी रचलेल्या इमारतीत आणि न्यूयॉर्कमध्ये गाएतानो पेशे यांच्याकडून करवून घेतलेल्या जागेत कोणालाच टेबल ठेवलं नाही. सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, सामान लॉकरमध्ये. जगभरच्या मासिकांत फोटो आले. आत मात्र यंत्रं पुरत नव्हती, माणसं गाडीच्या डिकीत कागद ठेवत होती, टीम एकमेकांना शोधत फिरत होती. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसची मंडळी नव्या जागेत गेली तेव्हा माणशी जागा परत आली. प्रतिमा कमावली, काम गमावलं.

तुम्हाला मधला मार्ग सुचवतो. टीमची जागा पक्की, टीमच्या आतली टेबलं मोकळी. आठ जणांच्या टीमला सहा-सात टेबलं आणि तिची स्वतःची भिंत, कपाट, बोर्ड. रंगासाठी कॅलिब्रेट केलेला मॉनिटर किंवा पेन टॅबलेट लागणाऱ्यांचं टेबल पक्कंच ठेवा, रोज केबल जोडण्यात वीस मिनिटं जातात आणि कॅलिब्रेशनचा बोऱ्या वाजतो.

टीमच्या त्या भिंतीवर काय लावायचं हे टीमला ठरवू द्या. एक्सेटर विद्यापीठातल्या नाइट आणि हॅस्लम यांच्या २०१० च्या प्रयोगात ओकीबोकी खोली, झाडं-चित्रं लावलेली खोली, स्वतः मांडायला दिलेली खोली आणि स्वतः मांडल्यावर दुसऱ्याने बदललेली खोली अशा चार स्थिती होत्या. स्वतः मांडलेल्या खोलीत काम सगळ्यात चांगलं झालं. मांडणी बदलली गेली तिथे तो फायदा नाहीसा झाला. म्हणून ‘डेस्कवर काहीही ठेवू नये’ असा नियम ब्रँडिंगच्या नावाखाली आणला तर ही सगळी सजावट उलटी फिरते.

---

उजेडवाट

नारिंगी भिंतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. डिझाइनर मंडळी स्क्रीनवर रंग ठरवत असतील तर त्यांच्या आसपास गडद रंगाची मोठी भिंत नको. तिच्यावर पडलेला उजेड नारिंगी होऊन स्क्रीनवर आणि छापील नमुन्यांवर येतो, डोळा त्याला सरावतो आणि रंग निवडताना नकळत अंदाज चुकतो. त्या भागात भिंती फिक्या करड्या, मॅट. ब्रँडचा रंग रिसेप्शन, पँट्री, वाटेच्या टोकाची भिंत इथे वापरा.

टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), चकाकीचा निर्देशांक यूजीआर १९ च्या आत, ही युरोपीय मानक ईएन १२४६४-१ मधली अपेक्षा आहे. पण सगळ्या हॉलवर एकसारखे ५०० ओतू नका. सर्वसाधारण ३०० आणि टेबलावर मंद-तीव्र करता येणारा दिवा, असं केलं की प्रत्येकाच्या हातात काहीतरी राहतं. मंद उजेडात माणसं जास्त मोकळेपणी कल्पना मांडतात असं श्टाइडले आणि वेर्थ यांच्या २०१३ च्या प्रयोगांत दिसलं आहे, पण तपासणी, दुरुस्ती, हिशोब याला तोच उजेड अपुरा पडतो. म्हणून प्रोजेक्ट रूममध्ये १५० ते ५०० पर्यंत डिमर हवाच. रंगतापमान सगळीकडे ४००० केल्विन, एकाच बॅचचे दिवे. रंगाचं काम करणाऱ्यांसाठी सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, बाकी ८० चालतं. स्क्रीन खिडकीला काटकोनात. खिडकीसमोर तोंड केलं तर डोळे दुखतात, पाठ केली तर स्क्रीनवर खिडकी दिसते.

आता हवा, आणि इथे जरा थांबून वाचा. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. बसून बोलणारा माणूस ताशी साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १.२ × १.५ × २.४ मीटरची फोनची खोली ४.३ घनमीटरची. दार नीट बंद होत असेल (आणि शांतकोपरा यांच्या सीलमुळे ते नीट बंद होणारच) तर मिनिटाला ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७०) वाढतात. अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये २००० ची भर. १२ जणांच्या मीटिंग रूममध्ये ताजी हवा नसेल तर तासाभरात ३००० च्या वर भर पडते. दुपारच्या बैठकीत सगळे पेंगतात त्याचं खापर जेवणावर फोडलं जातं.

फोनच्या प्रत्येक खोलीला ताशी किमान ५० घनमीटरचा छोटा पंखा द्या, त्याने वाढ साडेतीनशेच्या आसपास थांबते. हवा आत यायला आवाज अडवणारी वळणाची झडप हवी, दाराखालची फट नको. मीटिंग रूमला माणशी ८ ते १० लिटर प्रतिसेकंद बाहेरची हवा मोजून मागा आणि भिंतीवर एक सीओटू मीटर लावा. १००० च्या आत राहिलं तर ठीक.

---

दर्शनी_भाग

प्रतिमेचं बोलू. कोनमापक यांनी रिसेप्शन ३०० वर आणलं ते मला पटतं, कारण क्लायंट तिथे पाच-सात मिनिटं थांबतो. छाप पुढे पडते.

कागदावर पाहुण्याची वाट आखा: लिफ्ट, दार, रिसेप्शन, मीटिंग रूम, स्वच्छतागृह, परत दार. मुलाखतीला आलेल्याची वेगळी आखा, कारण त्याला हॉल दाखवला जातो. या दोन रेषांवर जे जे दिसतं तेवढंच तुमचं ‘ब्रँडिंग’. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनला इटालियन संगमरवर असतो आणि मीटिंग रूमच्या टेबलावर प्रोजेक्टरची केबल टेप लावून चिकटवलेली असते. पाहुण्याच्या लक्षात दुसरी गोष्ट राहते, कारण तिच्याकडे बघत तो तासभर बसलेला असतो. टेबलात फ्लोअर बॉक्स, एचडीएमआय आणि यूएसबी-सी दोन्ही, केबल लपवायची वाट, हे फ्लोअरिंग घालण्याआधी ठरायला हवं. नंतर स्क्रीड (फ्लोअरिंगखालचा सिमेंटचा थर) फोडावी लागते.

स्वच्छतागृह या वाटेवर आहे हे विसरू नका. डिझाइन विकणाऱ्या कंपनीत दिशादर्शक पाट्या ए-फोर कागदावर छापून लावलेल्या असल्या की उरलेल्या सजावटीवर कोणाचा विश्वास बसत नाही. पाट्यांचा एकच संच, एकच टाइप, अक्षराची उंची दर ३ मीटर अंतराला २५ मिमी या हिशोबाने.

पाहुण्याच्या वाटेवरून कोणाचीही स्क्रीन दिसता कामा नये. एका क्लायंटला दुसऱ्याचं अप्रकाशित काम दिसणं ही प्रतिमेची सगळ्यात मोठी हानी आहे. मीटिंग रूम दाराजवळ घेतल्या की पाहुणा हॉलमधून जातच नाही. कामाची झलक दाखवायची तर प्रोजेक्ट रूमची एक काच वाटेकडे ठेवा, आतून पडदा लावता येईल अशी. भिंतीवर टांगलेला प्रत्यक्ष चालू कामाचा नमुना, चुकलेल्या आवृत्त्यांसकट, हा झोपाळ्यापेक्षा कितीतरी बोलका असतो.

वाक्यं लावू नका. ‘चौकटीबाहेर विचार करा’ हे भिंतीवर आणि सुट्टीच्या अर्जाला चार सह्या, असं असेल तर मुलाखतीला आलेला माणूस आतल्या कोणाला तरी विचारून खरं काय ते काढतोच. जागा जे सांगते ते रोजच्या वागण्याशी जुळलं नाही तर ती कंपनीविरुद्धच साक्ष देते. बीन बॅगचंही तेच. हॉलच्या मधोमध, साहेबांच्या कॅबिनसमोर ठेवलेल्या बीन बॅगवर कोणी बसत नाही. तीच बसायची जागा कोपऱ्यात, पाठीला भिंत आणि हाताशी प्लग अशी केली की भरलेली असते. आणि बीन बॅगमधले थर्मोकोलचे दाणे वर्षभरात दबतात, कापड मळतं, ती पहिली जुनाट दिसू लागते.

साहित्य निवडताना तिसऱ्या वर्षी कसं दिसेल ते विचारा. खुर्चीची पाठ लागते तिथे रंगवलेली भिंत टिकत नाही, ७०० ते ९०० मिमी उंचीवर पट्टी द्या. लॅमिनेटच्या कडा २ मिमी एजबँडिंगच्या (कडेला चिकटवायच्या पट्टीच्या), ०.८ च्या नको, त्या टेबलाच्या पुढच्या कडेला सुटतात. पूर्ण उंचीच्या काचेवर साधारण ९०० आणि १५०० मिमीवर ठळक खुणा हव्यात, नाहीतर कोणीतरी धडकतं. तिथे लोगोची नक्षी वापरली की सुरक्षितता आणि ओळख दोन्ही होतं.

सगळ्यात शेवटी राहणारी, पण आज सगळ्यात जास्त माणसांना दिसणारी भिंत म्हणजे व्हिडिओ कॉलमागची. रिसेप्शनला दिवसात दहा पाहुणे येतील, कॅमेऱ्यातून शंभर जण बघतील. तिन्ही मीटिंग रूममध्ये कॅमेरा स्क्रीनच्या वर छताजवळ न लावता जमिनीपासून ११५० ते १२०० मिमीवर, स्क्रीनच्या खालच्या कडेपाशी, म्हणजे बसलेल्याच्या डोळ्यांच्या रेषेत. माणसांच्या मागे खिडकी नको. चेहऱ्यावर समोरून ३०० लक्स तरी पडले पाहिजेत. नुसते छतातले डाउनलाइट असले की डोळ्यांखाली खड्डे दिसतात.

---

तिसरा_मजला

सुधारित लेआउटला हे सगळं जोडून पाठवतो आहे. कॅमेऱ्यामागच्या भिंतीला ब्रँडचा नारिंगी चालेल का? आणि लोगो कुठे?

---

दर्शनी_भाग

पूर्ण नारिंगी नको. कॅमेरा रंगाचा तोल सावरायला जातो आणि चेहरे निळसर दिसतात. पांढरीही नको, तिने चेहरे काळवंडतात. मध्यम करडा किंवा दबलेला निळा-हिरवा, पूर्ण मॅट, शक्यतो कापड चढवलेलं अकूस्टिक पॅनेल, म्हणजे शांतकोपरा यांचंही काम होतं. नारिंगी ३०० मिमीच्या उभ्या पट्ट्यापुरता ठेवा. लोगो माणसांच्या डोक्यामागे ठेवला तर अर्धा झाकला जातो. तो चौकटीच्या एका बाजूला, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर, १५०० ते १७०० मिमीच्या पट्ट्यात, २५० ते ३०० मिमी रुंद, चमक नसलेला. भिंत रंगवण्याआधी त्या मापाचा कागद चिकटवून, कॅमेरा लावून, चार माणसं बसवून एक कॉल करून बघा. लोगोची जागा त्या कॉलवरच पक्की करा आणि मगच ड्रिल लावा.